फेक, हूल आणि झेल



गेल्या दीड वर्षापासून मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी, प्रार्थनेच्या आधी तासभर, शाळेच्या मैदानावर जो गलका चालतो त्याविषयी बऱ्याच जणांनी आमच्याकडे चौकशी केली. "ही थाळीफेक आहे का?" असे एका विश्वस्तांनी विचारले. "टीव्हीवर कुत्र्याला फेकतात तीच ना ही तबकडी?" असे एका पालकांनी विचारले. क्रिकेट सोडून हे काय नवीन, असेही काहींच्या मनात असणार, पण ते त्यांनी सौजन्याने बोलून दाखवले नाही. तेव्हा या अंकातील आमचे पान या खेळासाठी देत आहोत. आमचे शिक्षण बऱ्हाणपुरास हिंदी माध्यमातून झाले. तापी तिथूनच खाली तुमच्या सुरतेकडे येते आणि आम्हीही तिच्यामागोमाग आलो. लिहिण्यात कुठे हिंदीची छटा आली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

खेळाचे नाव अल्टिमेट. प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, मोठ्यांच्या स्पर्धेत 175 ग्रॅम वजनाची असते. आपली मुले तिला थाळीच म्हणतात. एका बाजूला सात खेळाडू. मैदान 100 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद, त्यात दोन्ही टोकांना 18-18 मीटरचे पट्टे. समोरच्या पट्ट्यात आपल्या गड्याने थाळी झेलली की एक गुण. थाळी हातात असताना धावायचे नाही, एक पाय रोवून फक्त वळायचे. अडवणारा समोर उभा राहून मोठ्याने दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात थाळी हातातून सुटली पाहिजे. खाली पडली, बाहेर गेली किंवा दुसऱ्याने अडवली, की ती समोरच्या संघाची. आपले मैदान या मापाच्या निम्मेही नाही, म्हणून आपण पाच-पाच जणांत खेळतो.

हा खेळ 1968 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. विद्यार्थी मंडळाच्या सभेत जोएल सिल्व्हर नावाच्या मुलाने तसा प्रस्ताव मांडला होता. हाच मुलगा पुढे हॉलिवूडचा नामांकित चित्रपट निर्माता झाला. म्हणजे हा खेळ शाळकरी पोरांनी शाळेतच जन्माला घातला, आणि शिक्षक म्हणून आम्हाला त्याचे कौतुक वाटते. 2001 साली जपानच्या अकिता शहरातील वर्ल्ड गेम्समध्ये तो पदकाचा खेळ झाला आणि 2015 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली. त्याच वर्षी चेन्नईच्या 'फ्लाय वाइल्ड' या संघावरील '175 ग्रॅम्स' नावाचा लघुपट अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. आपल्या देशात चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद, दिल्ली, मुंबई, पुणे येथे हा खेळ चांगला रुजला आहे, आणि बहुतेक ठिकाणी मुले-मुली एकाच संघात खेळतात.

आपल्याकडे तो आणला आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. अहमदाबादेस इंजिनीअरिंग शिकत असताना तो हा खेळ शिकला, सध्या हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो. शिफ्ट जुळेल त्या दिवशी सकाळी येतो. मुले त्याला दादा म्हणतात, म्हणून आपणही दादाच म्हणू. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ दोनच डिस्क होत्या आणि समोर चाळीस मुले. शिक्षकाला यातली अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दादाने सुरुवातीला जो सराव शिकवला तोच आजही रोज होतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. विटांच्या तुकड्यांनी दोन खुणा करायच्या, मध्ये साधारण पंचवीस पावलांचे अंतर. एका खुणेमागे फेकणाऱ्यांची रांग, दुसऱ्या खुणेमागे धावणाऱ्यांची. धावणारी मुलगी आधी फेकणाऱ्यापासून लांब पळते, चार-पाच पावले, आणि ती अगदी खरी वाटली पाहिजेत. मग बाहेरचा पाय जोरात रोवून वळते आणि तिरकी होऊन फेकणाऱ्याच्या दिशेने परत येते. इंग्रजीत याला कट म्हणतात. आपल्या मुलांना शब्द शिकवायची गरजच पडली नाही. खो-खो आणि आट्यापाट्या खेळलेल्या पोरांना हूल म्हणजे काय ते माहीत असते. एक दिशा दाखवायची आणि दुसरीकडे निसटायचे. दिल्लीला 2025 च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी जिंकला. त्या मुलींच्या हुली ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना अल्टिमेटचे निम्मे शिक्षण मिळाले असे समजावे.

आता फेकणाऱ्याकडे वळू. त्याने धावणारीच्या डोक्याकडे किंवा हातांकडे पाहायचे नाही, कमरेकडे पाहायचे. हात फसवतात, मान फसवते, पण कंबर ज्या बाजूला वळली तिकडेच माणूस जाणार. तिने पाय रोवला आणि कंबर वळली की थाळी सोडायची, आणि ती मुलगी आहे तिथे नाही, तर दोन क्षणांनी ती जिथे असेल तिथे. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात पहिला महिनाभर सगळ्या थाळ्या मुलींच्या पाठीमागे पडत होत्या. मनगटाचा झटका जोरात बसला तर थाळी गरगरते, आणि गरगरली तरच सरळ जाते. भोवऱ्याचे जे शास्त्र तेच याचे. कमी फिरलेली थाळी लटपटते आणि भलतीकडे जाऊन पडते. इथे हजिऱ्याकडून दुपारी समुद्राचा वारा सुटतो, समोरून वारा असला की थाळीचे पुढचे टोक उचलले जाते आणि ती वर चढून बसते. म्हणून आपला सराव सकाळी, वारा उठायच्या आत.

झेलण्याचेही एक तंत्र आहे. थाळी येईपर्यंत थांबून राहायचे नाही, तिच्याकडे धावतच जायचे, कारण मागून येणारा अडवणारा थांबत नसतो. दोन्ही तळव्यांत वरून-खालून दाबून झेलायची. आमच्या एका सातवीतल्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितले, "सर, हे तर भाकरी थापल्यासारखे आहे." तेव्हापासून त्या झेलीचे नाव भाकरी. झेलली की थांबायचे, थाळी घेऊन फेकणाऱ्यांच्या रांगेत जायचे, आणि ज्याने फेकली तो धावणाऱ्यांच्या रांगेत. त्यामुळे प्रत्येकजण फेकतो, प्रत्येकजण धावतो. मला फक्त बॅटिंग द्या, असे म्हणायची सोय नाही.

सहा महिन्यांत रांगा छान चालू लागल्या. थाळी हवेत, पोर वळते, भाकरी, पुढचा. पाहणाऱ्याला समाधान वाटावे असे दृश्य. मग दादाने मुलामुलींचे दोन मिश्र संघ करून सराव सामने सुरू केले.

याच दिवसांत एक पालक आम्हाला भेटले. लूम्सच्या कारखान्यात रात्रपाळी करून ते सकाळी मोटारसायकलने परस्पर शाळेच्या फाटकाशी येत, सराव संपेपर्यंत उभे राहत आणि मुलीला डबा देऊन घरी झोपायला जात. मुलगी आठवीत. घरात धाकटा भाऊ आहे, सकाळचे पाणी भरणे आहे, आईचेही काम आहे. एवढ्या सकाळी मुलीला मैदानावर पाठवणे म्हणजे त्या घराने काहीतरी सोडलेले असते, हे इथे नमूद करावेसे वाटते. ते कार्यालयात आले, बसा म्हटले तरी बसले नाहीत. त्यांच्या खानदेशी बोलीत म्हणाले, "सर, मनी पोर रोज पयस, तिले थाळी कोन देस?"

मुलगी रोज पळते, तिला थाळी देतो कोण? त्यांनी चार सामने मोजले होते. शेवटच्या सामन्यात ती अकरा वेळा मोकळी धावली आणि तिला दोनदा थाळी मिळाली. हिशेब करणाऱ्या माणसाचा आवाज जसा शांत असतो तसा त्यांचा आवाज होता. नुसतेच पळायचे असेल तर तिने घरी मदत करावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याला तोडीस तोड उत्तर सहज सापडण्यासारखे नव्हते. आम्ही त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले.

पुढच्या शनिवारी आमच्या क्रीडाशिक्षकांनी वही घेऊन रेघा मारल्या. त्यांचा हिशेब बापाच्या हिशेबाशी जवळजवळ जुळला. ती एकटी नव्हती, सगळ्याच मुलींचे तसे होते. मुलांना विचारले तर ते प्रामाणिकपणे गोंधळले. "आम्ही मुद्दाम नाही करत, सर. ती दिसलीच नाही." हे खरे होते, असे आमचे मत आहे. मुद्दाम करणाऱ्या मुलाला सुधारणे एक वेळ सोपे. ज्याला दिसतच नाही त्याला काय सांगणार?

स्टाफरूममध्ये एक उपाय निघाला: गुण होण्यापूर्वी निदान एकदा मुलीने थाळी झेललीच पाहिजे, असा आपल्यापुरता नियम करावा. अशा प्रकारचे नियम काही ठिकाणी वापरतात. आम्ही मुलींनाच विचारले. त्यांच्यातल्या एकीने ताबडतोब नाही म्हटले. "मग ते पहिली थाळी आमच्याकडे टाकतील, हिशेब मिटला म्हणतील आणि पुढे आमच्याकडे बघणारच नाहीत." तेरा वर्षांच्या मुलीचे हे विधान. मोठ्यांच्या सभांमध्ये हा मुद्दा इतक्या थोडक्यात मांडलेला आम्ही तरी ऐकला नाही.

खरे कारण दादाने शोधले, आणि ते त्या सरावातच होते. रांगेच्या सरावात फेकणाऱ्यासमोर धावणारा एकच असतो. निवड करायचीच नसते. जो समोर आला त्याला फेकायचे. त्यामुळे सरावात मुलींना बरोबरीने थाळ्या मिळतात, आणि आपण समजतो की सवय झाली. सवय होते ती फेकण्याची. पाहण्याची सवय त्यात कुठेच होत नाही. सामन्यात चारजण धावू लागले, समोर कुणी दहा मोजू लागले, की नजर जुन्या ओळखीच्या वाटेने जाते, म्हणजे मित्राकडे, कालच्या गल्लीतल्या क्रिकेटच्या भिडूकडे. याची दुसरी बाजूही होती. जिला चार वेळा धावून थाळी मिळाली नाही ती पाचव्यांदा अर्ध्या मनाने धावते. पाय रोवत नाही, हूल खरी वाटत नाही, अडवणारा चिकटूनच राहतो. मग फेकणारा म्हणतो, ती मोकळी होतच नाही. तेही खरेच असते. दोघेही खरे बोलत असतात आणि खेळ तिथेच अडतो. आमचे म्हणणे असे की अशा वेळी सुरुवात फेकणाऱ्याने करायची असते, कारण थाळी त्याच्या हातात आहे.

मग सराव बदलला. खुणा त्याच, पण आता धावणारे दोन, प्रत्येकाच्या मागे एक अडवणारा, आणि फेकणाऱ्यासमोर दहा मोजणारा एक. पहिला धावणारा हूल देऊन येतो. तो मोकळा नसेल तर त्याने तिथे घुटमळायचे नाही, बाजूने बाहेर निघून जागा रिकामी करायची, आणि तो वळताच दुसऱ्याने निघायचे. हे मुलांना फार जड गेले. आपली सर्वांचीच सवय प्रसादाच्या रांगेतली, जिकडे वाटप चालले आहे तिकडे सगळे. थाळीभोवती सहाजण गोळा झाले की फेकायला जागाच उरत नाही. धावून काही मिळाले नाही तरी दुसऱ्यासाठी वाट मोकळी करणे हेही खेळणेच आहे, हे समजायला दोन महिने गेले, आणि सर्वांत उशिरा समजले ते ज्यांना नेहमी थाळी मिळत होती त्यांना.

आणि एक भर अशी घातली की फेकणाऱ्याच्या मागे आणखी एक मूल उभे करायचे. फेक झाली की त्याने सांगायचे, "कोण मोकळे होते?" बस, एवढेच. रागवायचे नाही, चूक-बरोबर म्हणायचे नाही. नाव सांगायचे. पहिल्या आठवड्यात मागून नाव यायचे आणि फेकणारा मान वळवून पाहायचा, अरे हो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीजण फेकण्याआधीच क्षणभर थांबून दुसरीकडेही पाहू लागले. सगळे नाही. आमच्या नववीतल्या दोन उत्तम खेळाडूंना आजही मागून नाव ऐकावे लागते, आणि ते हा अंक वाचतील तेव्हा त्यांना कळेलच आम्ही कोणाविषयी लिहिले आहे.

पंधरा दिवस संपले तेव्हा रेघांची वही आम्ही त्या पालकांना दाखवली. मुलीच्या नावापुढे अकरापैकी पाच अशी नोंद होती. फार मोठी प्रगती म्हणता येणार नाही. त्यांनी पान उलटून मागचे आकडे पाहिले, पुढचे पाहिले, वही परत दिली आणि म्हणाले, "बरं. बघू." मुलगी येत राहिली. तिची फोरहँड फेक, जिला मुले चाबूक म्हणतात, आज संघात सर्वांत भरवशाची आहे.

जानेवारीत, उत्तरायणानंतरच्या रविवारी, अहमदाबादेहून काही मुले आपल्याकडे मैत्रीचा सामना खेळायला आली होती. त्या दिवशी झाडांवर कटलेल्या पतंगांचा मांजा लोंबत होता, तो आधी काढावा लागला. आपण अकरा विरुद्ध सात असे हरलो. या खेळात पंच नसतो, हे बऱ्याच पालकांना त्या दिवशी प्रथमच कळले. धक्का लागला तर खेळाडूनेच हात वर करून सांगायचे. समोरच्याला मान्य नसेल तर दोघांनी थोडक्यात बोलायचे, तरीही एकमत झाले नाही तर थाळी आधी ज्याने फेकली त्याच्याकडे परत जाते. आपल्या एका मुलाने सवयीप्रमाणे क्रिकेटसारखे जोरात अपील केले आणि कुणाकडे पाहावे ते न कळून गप्प झाला. समोरच्या मुलीने शांतपणे विचारले, "तुला काय वाटतं, लागला का?" त्याने विचार केला. म्हणाला, "थोडा लागला, पण झेलली असती मी तशीही नाही." थाळी त्यांच्याकडे गेली. फाटकाशी उभ्या काही पालकांना हे मुळीच पटले नाही. एकजण म्हणाले, "सर, असं केलं तर पोरं बाहेरच्या जगात टिकणार कशी?" प्रश्न खरा आहे. पालक सभेत त्यावर अवश्य बोलू.

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाआड एक गोल करून उभे राहतात आणि एकमेकांच्या वागणुकीला गुण देतात. नियमांचे ज्ञान, धक्काबुक्की, निष्पक्षपणा, वृत्ती आणि बोलणे, अशा पाच बाबी, प्रत्येकी शून्य ते चार. त्या गोलात पाहुण्या संघाने आपल्या खेळाविषयी एक गोष्ट आपणहून सांगितली: तुमच्याकडे थाळी कुणाकडे येईल याचा अंदाज आम्हाला लागत नव्हता. आमचे क्रीडाशिक्षक वही खिशात घालून दुसरीकडे पाहू लागले. फाटकाशी त्या मुलीचे वडील होते. रात्रपाळीहून थेट आले होते, डोळे तांबारलेले. त्यांनी आम्हाला एवढेच विचारले की धाकटा पाचवीत गेला की त्याला घेता का.

आता विश्वस्त मंडळापुढील विषय. मैदानाच्या पुढच्या अर्ध्या भागावर पेव्हर ब्लॉक टाकून पालकांची वाहने आणि शाळेच्या व्हॅन उभ्या करण्याची सोय करावी, असा प्रस्ताव आहे. पावसाळ्यात फाटकाशी जो चिखल आणि खोळंबा होतो तो आम्ही रोज पाहतो, तेव्हा प्रस्ताव निरर्थक नाही. मात्र दोन खुणा, चार धावणारे आणि वळायला जागा यासाठी निदान चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद माती लागते. फाटकाजवळची आठ-दहा मीटरची पट्टी पेव्हरला दिली तर वाहनेही उभी राहतील आणि मैदानही वाचेल, असे मोजमाप आम्ही क्रीडाशिक्षकांकडून करून घेतले आहे. नकाशा कार्यालयात पाहता येईल. एका सदस्यांनी विनोदाने म्हटले की मेपलवुडची मुले तर शाळेच्या पार्किंगमध्येच हा खेळ खेळत होती. माहिती बरोबर आहे. पण बाहेरचा पाय रोवून वळायचे असेल, तर पेव्हरवर गुडघे किती दिवस टिकतील ते त्यांनी स्वतः एकदा वळून पाहावे.

डिस्क सध्या सात आहेत, त्यातल्या दोन कडेला तडकल्या आहेत. एका बऱ्या बॅटच्या किमतीत दोन नव्या येतात, ज्यांना द्यायच्या असतील त्यांनी कार्यालयात पावती घ्यावी. सराव शनिवारी सकाळी सहाला सुरू होतो. पाहायला कोणीही यावे, मात्र पायात बूट घालून यावे, कारण मुले रांगेच्या बाजूला कुणाला नुसते उभे राहू देत नाहीत. मागच्या महिन्यात आपले खजिनदार तीनदा धावले. एकदा झेलली, दोनदा पडली, आणि मागून प्रत्येक वेळी नाव ओरडले गेले.